फाळक्यावरचे नाव

२०२३ च्या उन्हाळ्यात दोन महिने मी अमेरिकेत भाच्याकडे होतो. इंडियाना राज्यात, इंडियानापोलिस शहराच्या जरा बाहेर त्याने पाच एकर जागा घेतली आहे. पाच एकरवाला माणूस आपल्याकडे शेतकरी ठरतो, तिकडे हौशी. तर या हौशी माणसाला पिकअप ट्रक घ्यायचा होता. आपल्याकडे पिकअप म्हटले की भाजीच्या पाट्या नाहीतर कोंबड्यांची खुराडी वाहणारी छोटी गाडी डोळ्यांसमोर येते. तिकडचा पूर्ण आकाराचा पिकअप म्हणजे निराळेच प्रकरण! पुढे पाच माणसांची ऐसपैस केबिन, मागे उघडा हौदा, आणि बॉनेट इतके उंच की माझ्यासारख्याला इंजिन बघायचे तर चवड्यांवर उभे राहावे लागते. किंमत पन्नास-साठ हजार डॉलर. त्यामुळे भाच्याने घाई केली नव्हती. संगणकावर एक भलामोठा तक्ता केला होता आणि त्यात चार उभे रकाने होते: फोर्ड एफ-१५०, शेवरलेट सिल्व्हराडो, रॅम आणि टोयोटा टंड्रा. जीएमसी सिएरा त्याने सोडून दिली होती, कारण ती सिल्व्हराडोचीच सख्खी बहीण. दोघी फोर्ट वेनच्या एकाच कारखान्यातून बाहेर पडतात.

मी एसटीच्या कार्यशाळेत चौतीस वर्षे काढलेला माणूस. त्यामुळे शनिवारी सकाळी मामाला बरोबर घेऊन डीलरांच्या दारोदार फिरायचे असे ठरले. मला कोणी गाडी दाखवली की मी आधी तिच्याखाली वाकून बघतो. विक्रेते पडदा दाखवीत होते, सीट गरम होते कशी ते सांगत होते, आणि हा परदेशी म्हातारा डांबरावर एक गुडघा टेकून मागचा आस बघत होता. फोर्ड आणि शेवरलेट यांच्या मागच्या आसावर आपल्या ओळखीचे कमानपाटे आहेत. रॅमने २००९ पासून पाटे काढून गुंडाळीच्या स्प्रिंगा घातल्या, टोयोटानेही २०२२ पासून तेच केले. स्प्रिंगांची गाडी रिकामी असताना मऊ चालते; पाट्यांची गाडी रिकामी असताना उड्या मारते आणि ओझे पडले की शहाण्यासारखी वागते. फोर्डचे सगळे अंग २०१५ पासून ॲल्युमिनियमचे, म्हणून हलके. बाकीच्यांचा भर पोलादावर. टोयोटात फक्त सहा सिलिंडरांचे इंजिन मिळत होते. रॅममध्ये सहा किंवा आठ. शेवरलेटमध्ये सुरुवातच चार सिलिंडरांच्या टर्बो इंजिनापासून. एवढ्या मोठ्या गाडीला चार सिलिंडर! मला ते पटेना. हा चाराचा आणि सहाचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे लागणार आहे.

भाच्याच्या तक्त्यात एक रकाना मात्र मला बदलायला लावावा लागला. जाहिरातीत ठळक अक्षरांत असतो तो ओढण्याचा आकडा: दहा हजार पौंड, बारा हजार पौंड. तो वाचून माणूस खूष होतो. पण ट्रेलर गाडीमागून नुसता ओढला जात नाही. आपल्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग तो गाडीच्या शेपटीवर टेकवतो. भाच्याच्या मनातला राहुटीवजा ट्रेलर सात हजार पौंडांचा, म्हणजे सातशे ते हजार पौंड नुसते हुकावर. त्यात पाच माणसे, शीतपेटी, मुलांच्या सायकली. हे सगळे गाडीच्या वाहून नेण्याच्या क्षमतेतून वजा होते. ती क्षमता मात्र जाहिरातीत मोठ्या अक्षरांत सापडत नाही. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की चौकटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर ती छापलेली असते आणि प्रत्येक गाडीची वेगळी असते. जितका साजशृंगार जास्त तितका तो आकडा कमी. एकाच कंपनीच्या शेजारी शेजारी उभ्या दोन गाड्यांत आम्हाला तीन-चारशे पौंडांचा फरक दिसला. मग आम्ही नावे सोडून चिठ्ठ्या वाचत हिंडू लागलो.

पण नाव काही माझ्या डोक्यातून जाईना. सिल्व्हराडोच्या मागे उभा होतो. हौद्याच्या मागच्या पडत्या झडपेला, ज्याला आमच्या ट्रकच्या भाषेत फाळका म्हणतात, त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत कंपनीचे नाव ठसवलेले होते. हे नाव मी शाळेत जायच्या आधीपासून ओळखतो. माझे वडील मोटार मेकॅनिक. युद्धानंतर लष्कराच्या डिस्पोजलमध्ये निघालेल्या शेवरलेट ट्रकांवर त्यांचा हात बसला. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता आणि तो १९५४ पर्यंत चालला. तिथल्या गाड्याही आमच्या भागात होत्या. १९४८ साली एसटी सुरू झाली तेव्हा तिच्या ताफ्यात ज्या दहा जातींच्या गाड्या होत्या त्यांतही शेवरलेट होती. वडील शेवटच्या ट वर जोर देऊन शेवरलेट म्हणत. अमेरिकेत त्याला लाडाने शेव्ही म्हणतात. ज्या माणसाचे हे आडनाव, तो स्वतःला शेवरोले म्हणवीत असणार, कारण त्याची भाषा फ्रेंच. लुई शेवरोले. आणि योगायोग असा की हा माणूस इंडियानापोलिसमध्येच, शहराच्या दक्षिण भागातल्या होली क्रॉस अँड सेंट जोसेफ दफनभूमीत, भाच्याच्या घरापासून तासाभराच्या आत चिरविश्रांती घेत आहे. डीलरांच्या चकरा चुकवून एका दुपारी मी तिथे जाऊन आलो.

लुईचा जन्म २५ डिसेंबर १८७८ चा, स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फाँ या गावचा. हे गाव घड्याळांचे. बाप घड्याळजी. बारीक चाकांची, दात्यांना दाते अचूक लागण्याची शिस्त मुलाने घरात पाहिली असणार. पुढे धंद्याने दगा दिला आणि कुटुंब फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातल्या बोन गावी आले. बोन हे दारूच्या पिंपांचे गाव. पोरगा शाळेत फार रमला नाही; तो एका दुरुस्तीच्या दुकानात लागला, जिथे बग्ग्या आणि सायकली येत. सायकलींच्या शर्यती त्याने मारल्या, आणि पिंपातली दारू उपसायचा एक पंपही त्याने तिथेच तयार केला असे सांगतात. मग पॅरिसला मोटारींच्या कारखान्यात, तिथून १९०० मध्ये कॅनडात माँट्रिअलला आणि तिथून न्यूयॉर्कला. हातात हुन्नर, खिशात काही नाही, तोंडी इंग्रजी मोडकेतोडके. आपल्या गॅरेजांतून असे पुष्कळ लुई मी पाहिले आहेत.

त्याचे दैव फळफळले ते शर्यतीत. १९०५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या मॉरिस पार्कवर त्याने फियाट चालवून बार्नी ओल्डफील्डला मागे टाकले. ओल्डफील्ड म्हणजे त्या काळचा अमेरिकेतला सर्वांत गाजलेला मोटार-बहाद्दर. एका दिवसात लुईचे नाव वर्तमानपत्रांत झळकले. त्याच वर्षी त्याने लग्न केले. धाकटे भाऊ आर्थर आणि गॅस्टन हेही अमेरिकेत आले. अंगाने धिप्पाड, झुपकेदार मिशा, चालवणे बेफाम. अपघात इतके की उमेदीतले कित्येक महिने त्याने रुग्णालयाच्या खाटेवर काढले.

इथे या कथेत दुसरा माणूस शिरतो. विल्यम ड्युरंट. हा मुळात मिशिगनमधल्या फ्लिंट गावचा घोडागाड्यांचा कारखानदार. त्याला इंजिनातले फारसे कळत नव्हते, पण माणूस आणि पैसा यांतले कळत होते. बुइक कंपनी त्याने उभी केली आणि १९०८ मध्ये तिच्या बळावर जनरल मोटर्स काढली. बुइकच्या शर्यतीच्या संघात त्याला चालक हवे होते. कथा अशी सांगतात की त्याने लुई आणि आर्थर यांना एकमेकांविरुद्ध पळवले. लुई जिंकला. ड्युरंटने आपल्या खासगी गाडीवर ठेवून घेतले ते आर्थरला, कारण तो जपून चालवत होता! लुईला शर्यतीत ठेवले. गोष्ट खरी असो वा रचलेली, दोघांच्या स्वभावाची पुढची सगळी कुंडली तीत आहे.

१९१० मध्ये कर्ज फार झाल्यामुळे सावकार बँकांनी ड्युरंटच्या हातून जनरल मोटर्स काढून घेतली. तो स्वस्थ बसणारा नव्हता. त्याला नवी कंपनी काढायची होती आणि तिला लोकांच्या ओठांवर असलेले नाव हवे होते. लुईजवळ ते होते. ३ नोव्हेंबर १९११ रोजी शेवरलेट मोटार कंपनी स्थापन झाली. लुईने एटिएन प्लांश या इंजिनिअरच्या साह्याने पहिली गाडी तयार केली, तिचे नाव क्लासिक सिक्स. नावाप्रमाणेच सहा सिलिंडर, सुमारे पाच लिटरचे इंजिन, चाळीस अश्वशक्ती. गाडी देखणी, दमदार, आणि किंमत २,१५० डॉलर. त्याच वेळी फोर्डची मॉडेल टी याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात मिळत होती.

भांडण इथेच होते. ड्युरंटला फोर्डला टक्कर द्यायची होती आणि त्यासाठी हलकी, चार सिलिंडरांची, स्वस्त गाडी हवी होती. लुईला आपल्या आडनावाखाली तशी गाडी निघणे हा स्वतःचा अपमान वाटला. त्यात सिगारेटचे निमित्त झाले म्हणतात. लुईच्या ओठांच्या कोपऱ्यात सदा सिगारेट चिकटलेली. कंपनीला नाव देणाऱ्या माणसाला ती शोभत नाही, त्याने सिगार ओढावी, असे ड्युरंटने सुचवले. लुई भडकला. १९१३ मध्ये तो बाहेर पडला, पुढे आपले शेअरही विकून मोकळा झाला. नाव मात्र कंपनीकडेच राहिले.

हे वाचताना मला वडील आठवतात. त्यांनी एका भागीदाराबरोबर गॅरेज काढले होते. भांडवल भागीदाराचे, हात वडिलांचे, आणि पाटीवर नाव वडिलांचे, कारण गिऱ्हाईक त्या नावावर यायचे. चार वर्षांनी कशावरून तरी बिनसले. हिशेबावरून म्हणावे तर हिशेब चोख होता; जुने भाग रंगवून नवे म्हणून घालायचे की नाही यावरून वाजले, असे आई सांगे. वडील ज्या दिवशी उठून आले त्या दिवशी पाटी काढून आणायचे त्यांना सुचले नाही. पाटी पुढे बारा-तेरा वर्षे तिथेच होती. बाजारात जाताना वडील मधल्या बोळाने जात, त्या रस्त्याने नाही. लहानपणी मला त्यात भागीदाराची लबाडी दिसे. आज इतकेच दिसते असे नाही. भागीदाराने तीच पाटी ठेवून गॅरेज मोठे केले, बारा पोरांना कामाला लावले. वडिलांनी दुसरीकडे एकट्याने पाने फिरवली आणि एकही काम कच्चे सोडले नाही. त्यांना कोणी फसवले नव्हते. रागाच्या भरात उठताना काय मागे ठेवतो आहोत हे त्यांनी पाहिले नाही, एवढेच.

लुईलाही कोणी फसवले, असे म्हणता येत नाही. आणि ड्युरंटचे धंद्याचे गणित बरोबर ठरले हेही मान्य करायला हवे. लुई गेला त्याच सुमारास गाड्यांवर ते बो-टायसारखे चिन्ह लागू लागले. ते कुठून आले यावर एकमत नाही; पॅरिसच्या हॉटेलातल्या भिंतीवरच्या कागदावरून म्हणतात, कोळशाच्या जाहिरातीवरून म्हणतात. काही असले तरी ते ड्युरंटचे, लुईचे नव्हे. १९१५ मध्ये फोर-नाइन्टी हे मॉडेल जाहीर झाले. चारशे नव्वद डॉलर ही किंमत तेच नाव. चार सिलिंडर. गाडी धडाक्याने खपली आणि त्या पैशाच्या जोरावर ड्युरंटने १९१६ मध्ये जनरल मोटर्स परत ताब्यात घेतली. १९१८ मध्ये शेवरलेटचे पहिले ट्रक बाजारात आले. तेव्हा नुसती चासी मिळे, केबिन आणि हौदा गिऱ्हाइकाने सुताराकडून बांधून घ्यायचा. आपल्याकडे ट्रकांची बॉडी कित्येक वर्षे अशीच बांधली गेली, तेव्हा यात आपल्याला नवल नाही. तयार हौद्याचा पिकअप कारखान्यातून आधी काढला तो फोर्डने, १९२५ मध्ये, मॉडेल टीवर. किंमत २८१ डॉलर. थोडक्यात, ज्या गाडीच्या फाळक्यासमोर मी उभा होतो तिच्या घराण्याशी लुईचा काहीएक संबंध नाही. पहिला शेवरलेट ट्रक निघाला तेव्हा त्याला कंपनी सोडून पाच वर्षे झाली होती.

त्या पाच वर्षांत तो काय करीत होता? गाड्याच. स्वतःचे आडनाव धंद्याला वापरायची सोय उरली नव्हती, म्हणून नव्या कंपनीला त्याने जुन्या फ्रेंच कॅनडाच्या एका गव्हर्नराचे नाव दिले: फ्राँतनाक. शर्यतीच्या गाड्या तो बांधू लागला आणि यात त्याचा हात कोणी धरू शकला नाही. १९२० च्या इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत त्याने बांधलेल्या गाडीतून धाकटा भाऊ गॅस्टन पहिला आला, आणि तोही एकदासुद्धा टायर न बदलता. सहा महिन्यांनी, २५ नोव्हेंबर १९२० रोजी, कॅलिफोर्नियात बेव्हर्ली हिल्सच्या फळ्यांच्या धावपट्टीवर गॅस्टन अपघातात गेला. लुईने त्यानंतर स्वतः शर्यतीत चाक धरले नाही. पण पुढच्याच वर्षी इंडियानापोलिसला पुन्हा त्याचीच गाडी जिंकली. चालक होता टॉमी मिल्टन. लागोपाठ दोन वर्षे त्या शर्यतीत सर्वांत पुढे धावलेले यंत्र त्याच्या हातचे होते. दफनभूमीतून परतताना मी शर्यतीच्या मैदानावरही गेलो. तिथल्या संग्रहालयापाशी त्याचा अर्धपुतळा आहे, तो या कर्तबगारीसाठी. तो मला योग्य वाटला.

मग पैसे कुठे गेले? रस्त्यावरची फ्राँतनाक मोटार काढायचे बेत मंदीत बुडाले. लुईच्या पोटाला आधार मिळाला तो एका वेगळ्याच मालावर. फोर्डच्या मॉडेल टीचे इंजिन साधे, भरवशाचे आणि मंद. लुई आणि आर्थर यांनी तिच्यासाठी नवे सिलिंडर-हेड तयार केले. जुने हेड काढायचे, हे बसवायचे, की तीच फोर्ड सुसाट सुटे. गावोगावच्या मातीच्या मैदानांवर शर्यत खेळणाऱ्या पोरांनी ही हेडे उचलली. अशा गाड्यांना फ्रॉन्टी-फोर्ड म्हणत. १९२३ मध्ये त्यांपैकी एक इंडियानापोलिसच्या मोठ्या शर्यतीत पाचवी आली. म्हणजे बघा, शेवरलेट नावाची कंपनी फोर्डला गाठायला धडपडत होती आणि शेवरोले नावाचा माणूस फोर्ड पळवून दाखवीत होता! त्याला याचे हसू आले असेल का रडू, सांगता येत नाही. मेकॅनिक माणसाला समोरचे इंजिन कोणाचे याने फरक पडत नाही, हे मी घरात पाहिलेले आहे. वडील त्या जुन्या भागीदाराच्या गॅरेजात बिघडलेल्या गाड्याही दुरुस्त करून देत आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नसत.

पुढचे भराभर सांगून टाकतो. भावांनी विमानाच्या इंजिनांचा उद्योग काढला, त्यात दोघांचे आपसात बिनसले, आणि १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीने उरलेसुरले नेले. त्याच १९२९ साली शेवरलेट कंपनीने चार सिलिंडर सोडून सर्व गाड्यांना सहा सिलिंडरांचे इंजिन दिले, आणि चारच्या किमतीत सहा अशी त्याची जाहिरात केली. लुईचा हट्ट सोळा वर्षांनी, लुईशिवाय, पुरा झाला. १९३० च्या दशकात तो डेट्रॉइटला परतला आणि शेवरलेटमध्येच नोकरीला राहिला. ज्या नावाच्या फाटकातून तो रोज आत जात होता ते त्याचेच होते. मेंदूतल्या रक्तस्रावाने तेही काम सुटले. ६ जून १९४१ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी, तो गेला. आर्थरने १९४६ मध्ये स्वतःचा जीव घेतला. आणि ड्युरंट? त्याच्या हातून जनरल मोटर्स १९२० मध्ये दुसऱ्यांदा गेली, ती कायमची. १९३६ मध्ये दिवाळे वाजले आणि म्हातारपणी तो फ्लिंटमध्ये बोलिंगचा अड्डा चालवीत होता. पाटी टिकली, पाटी लावणारा आणि पाटीवरचा, दोघेही रस्त्यावर आले.

आपल्याकडेही ती पाटी येऊन गेली. पुण्याजवळ तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला, २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबली, २०२० च्या डिसेंबरात उत्पादनही. आमच्या ओळखीतली काही मुले तिथे कामाला होती.

संध्याकाळी भाच्याला मी ही सगळी हकिकत सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि मग, मामा, पण चिठ्ठीवरचा आकडा कोणाचा चांगला, असे विचारले. बरोबरच होते त्याचे. साठ हजार डॉलर त्याचे जाणार होते, माझे नाहीत. आम्ही तक्त्यातून नावांची ओळ झाकून टाकली आणि वजन, पाटे, मागच्या आसाचे गुणोत्तर, जवळचा डीलर किती मैलांवर, एवढेच वाचत बसलो. माझ्या मनात त्या ठसवलेल्या फाळक्याविषयी थोडी ओढ होती हे कबूल करतो. वडिलांच्या तोंडचा तो ट कानात होता. पण तसे मी बोललो नाही.

मी परत आल्यावर तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. फोर्ड घेतली. मी पहिल्यांदा दाराच्या चौकटीवरचा आकडा विचारला, तो सतराशे ऐंशी पौंड निघाला, चालण्यासारखा. मग सिलिंडर किती ते विचारले.

सहा.